आधी तू बोल!

"लँडलाईनवर कसं खणखणीत ऐकू यायचं! तुमच्या या इंटरनेटच्या फोनला ती मजा नाही." घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लावून द्या, पाच मिनिटांत हे वाक्य येतंच. आपलं उत्तरही ठरलेलं: "नेटवर्क खराब असेल, जरा राउटरजवळ जाऊन बोला." हा वाद इतक्या वेळा ऐकलाय की म्हटलं, या वीकेंडला इतिहासात शिरून एकदाचा निकाल लावू. (आठवडाभर जावा लिहून पोट भरणाऱ्या माणसाला शनिवारी दुसरं काय काम असतं म्हणा.)

निकाल मजेशीर लागला. दोन्ही बाजू बरोबर आहेत, फक्त दोघं दोन वेगळ्या गोष्टींना 'क्वालिटी' म्हणतात.

आधी निव्वळ आवाजाचं बघू. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो. लँडलाईन त्यातला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवायची. यामागे हिशेब होता. शहराशहरांमधल्या एका महागड्या केबलमधून शेकडो संभाषणं न्यायची तर प्रत्येकाच्या वाट्याला ४००० हर्ट्झची एक खोली, त्यात दोन्हीकडे थोडी भिंत सोडायची. एवढ्याशा जागेत बोलणं समजतं का, हे तपासायला हार्वे फ्लेचर आणि बेल कंपनीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी एक भन्नाट पद्धत वापरली. एकानं काहीही अर्थ नसलेली अक्षरं वाचायची, दुसऱ्यानं ती ऐकून लिहायची, मग चुका मोजायच्या. अर्थ असला की मेंदू गाळलेल्या जागा स्वतःच भरतो आणि तारेची खरी परीक्षा होत नाही, म्हणून निरर्थक अक्षरं.

मेंदूच्या या गाळलेल्या जागा भरण्यावरच टेलिफोनचा संसार चालला. 'स' या आवाजाची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते, म्हणजे ती लँडलाईनवर पोचायचीच नाही. 'सोड' आणि 'फोड' फोनवर जवळजवळ जुळी भावंडं. म्हणून तर आपले वडील फोनवर नाव सांगताना "एस फॉर सोलापूर, एफ फॉर फलटण" करत असत.

मग खणखणीत का वाटायचं? एक तर तो जड रिसीव्हर कानाला घट्ट बसायचा. दुसरं, आपलाच आवाज त्यात हलकासा परत ऐकू यायचा, त्यामुळे लाईन जिवंत आहे याची सतत खात्री. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: आवाज अरुंद असला तरी तो तुटायचा नाही. खरखर यायची, क्रॉस कनेक्शन लागायचं, पण वाक्याचा मधलाच तुकडा गायब झाला असं सहसा व्हायचं नाही.

आता दुसरा गैरसमज. लँडलाईन म्हणजे अ‍ॅनालॉग आणि इंटरनेट फोन म्हणजे डिजिटल, असं आपण धरून चालतो. पण आवाजाचे आकडे करायची कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याची, पॅरिसमध्ये काम करत असताना, १९३७-३८ सालची! तेव्हा ती परवडणारी नव्हती, ट्रान्झिस्टर यायचा होता. १९६२ साली अमेरिकेत बेलनं ती प्रत्यक्ष वापरात आणली आणि तारांच्या दोन जोड्यांवरून २४ संभाषणं जाऊ लागली. १९७२ साली त्याचं जी.७११ हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. आपल्याकडे १९८४ साली सी-डॉटची स्थापना झाली आणि डिजिटल एक्सचेंजेस खेडोपाडी पोचली. म्हणजे घरापासून एक्सचेंजपर्यंत तांब्याची तार, आणि पुढे सगळे शून्य आणि एकच.

गंमत म्हणजे तेच जी.७११ आजही असंख्य ऑफिसांमधल्या इंटरनेट फोनवर चालतं. ब्राउझरमधून होणाऱ्या कॉलच्या मानकातसुद्धा ते सक्तीचं आहे. तोच आवाज, तेच ६४,००० बिट. मग फरक कुठे? फरक रस्त्यात.

लँडलाईन म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडासाठी अख्खी एसटी बुक करणं. तुम्ही नंबर फिरवलात की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मार्ग तुमच्या नावावर राखून ठेवला जायचा. तुम्ही बोला, नाहीतर नुसते उसासे टाका, गाडी तुमचीच. अर्थात भाडंही अख्ख्या गाडीचं. १९६० साली कानपूर-लखनौ अशी देशातली पहिली एसटीडी सुरू झाली, तोवर दूरच्या गावाला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून वाट बघायची. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर. घाई जितकी, तितके पैसे.

इंटरनेट म्हणजे वऱ्हाडातल्या प्रत्येकाला "मिळेल त्या गाडीनं या" असं सांगणं. आवाजाचे साधारण २० मिलीसेकंदांचे तुकडे करायचे, सेकंदाला ५० पाकिटं, प्रत्येकावर पत्ता घालून सोडून द्यायची. कोण आधी पोचेल, कोण वाटेत हरवेल, याची हमी कुणीच देत नाही.

हे जमेल असं कुणाला वाटलं असेल? १९७४ च्या ऑगस्टमध्ये डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातली एक संस्था आणि मॅसॅच्युसेट्समधली एक संस्था यांच्यामध्ये अर्पानेटवरून बोलून दाखवलं. अर्पानेटच्या लाईनची क्षमता होती सेकंदाला ५०,००० बिट. म्हणजे टेलिफोनचा एक साधा कॉलसुद्धा त्यात मावत नव्हता, आवाज दाबूनदाबून बसवावा लागला. पण त्या प्रयोगातून एक गोष्ट पक्की कळली. फाईल पाठवताना एक पाकीट हरवलं तर ते परत मागवावं, उशीर चालेल. आवाजात हे चालत नाही. 'नमस्कार'मधला 'स्का' दोन सेकंदांनी आला तर तो वरातीमागून घोडं. तो फेकून द्यावा आणि पुढे जावं. या आग्रहामुळे १९७८ च्या सुमारास टीसीपीपासून आयपी वेगळं काढलं गेलं आणि 'पोचलं तर पोचलं' या तत्त्वावर चालणाऱ्या यूडीपीला जागा झाली. आपण कॉलेजात व्हायवाच्या आदल्या रात्री टीसीपी आणि यूडीपीमधले फरक पाठ केले, त्यामागे असा बोलण्याचा हट्ट होता हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचा प्रवास झटपट. १९९५ च्या फेब्रुवारीत व्होकलटेक या इस्रायली कंपनीचा 'इंटरनेट फोन' आला. बहुतेक साउंड कार्डांना तेव्हा ऐकणं आणि बोलणं एकाच वेळी जमायचं नाही, त्यामुळे वॉकीटॉकीसारखं आळीपाळीनं बोलायचं. भारतात हे बेकायदेशीर होतं, १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली. २००३ च्या ऑगस्टमध्ये स्काईप आलं आणि अमेरिकेत ऑनसाईट गेलेल्या पोरांची कॉलिंग कार्डातून सुटका झाली. दोन्ही टोकांना कॉम्प्युटर असेल तर ३४०० हर्ट्झची भिंत पाळायचं कारणच उरलं नाही. २०१२ साली ओपस हा कोडेक मानक झाला, तो तर २०,००० हर्ट्झपर्यंत जातो. 'सोड' आणि 'फोड' अखेर वेगळे झाले! स्काईप ५ मे २०२५ ला बंद पडलं, पण तोवर त्याचं काम झालं होतं. आवाजाच्या स्वच्छतेत इंटरनेटनं लँडलाईनला केव्हाच मागे टाकलं.

म्हणजे आपण जिंकलो? थांबा.

पाकिटं मागेपुढे पोचतात, म्हणून ऐकणाऱ्याच्या टोकाला ती थोडा वेळ अडवून, ओळीत लावून मग वाजवतात. याला जिटर बफर म्हणतात. म्हणजे आवाज तुटू नये म्हणून आपण मुद्दाम उशीर विकत घेतो. शिवाय तुकडा भरायला वेळ, कोडेकला वेळ, वायफायला वेळ, ब्लूटूथ हेडसेटला वेळ. पुणे ते न्यू जर्सी सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे तिथेच साठेक मिलीसेकंद गेले, आणि समुद्राखालची केबल काही सरळ जात नाही. आंतरराष्ट्रीय शिफारस सांगते की एका दिशेनं १५० मिलीसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेकांना जाणवत नाही आणि ४०० च्या वर जाऊच नये. आपले कॉल नेमके या दोघांच्या मधल्या चिखलात असतात.

लँडलाईनलाही हे दुखणं होतं, पण परदेशी कॉलपुरतं. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७१ साली उपग्रह केंद्र सुरू झालं. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, त्यामुळे आवाज एका दिशेनं पोचायलाच पाव सेकंद. त्यात स्वतःचाच प्रतिध्वनी परत यायचा. तो पुसण्याचं गणित बेल लॅब्जमध्ये ज्यांनी घडवलं त्यांत मनमोहन सोंधी हे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ होते. त्यांचा त्यावरचा निबंध १९६७ चा. आज स्पीकरवर कॉल घेतानाही प्रतिध्वनी येत नाही, त्यात त्या कामाचा मोठा वाटा आहे. प्रतिध्वनी पुसता आला, उशीर मात्र पुसता येत नाही. शहरातल्या शहरात लँडलाईनवर बोलताना तो जवळपास शून्य होता. आज शेजारच्या इमारतीत कॉल केला तरी तो असतो.

एवढ्याशा उशिरानं काय बिघडतं? २००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. (मराठी त्यात नाही.) एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला सरासरी सुमारे २०० मिलीसेकंद लागतात. आपण समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच उत्तर जुळवत असतो. त्यात येण्याजाण्याचे पाचसहाशे मिलीसेकंद घुसले की गाडं रुळावरून घसरतं. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि मग "आधी तू बोल", "नाही, तू बोल". इथवर ठीक. पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात असं दिसलं की लोकांना उशीर लाईनचा आहे हे कळत नाही. ते दोष समोरच्या माणसाला देतात: हा लक्ष देत नाही, मनापासून बोलत नाही.

हे वाचलं आणि मला आमच्या टीममधली एक मुलगी आठवली. लॉकडाऊनमध्ये ती लातूरजवळच्या गावाहून, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करायची. कोड उत्तम. पण क्लायंटकडून फीडबॅक आला, "आत्मविश्वास कमी वाटतो, उत्तर देताना अडखळते." मी तिच्या कॉलचे आकडे काढून बघितले, तर जाऊन परत यायला सहाशेच्या पुढे मिलीसेकंद. म्हणजे तिनं प्रश्न संपतासंपता उत्तर दिलं तरी क्लायंटला अर्ध्या सेकंदाहून मोठी शांतता ऐकू जाणार. पुढे ती पुण्यात आली, ऑफिसच्या वायरवर बसली आणि दोन महिन्यांत फीडबॅक आला, "कम्युनिकेशन खूप सुधारलं." तिचं इंग्लिश तेच होतं, ती तीच होती. मधल्या काळातलं तिचं अप्रेझल मात्र होऊन गेलं होतं.

घरातली मोठी माणसं 'मजा' म्हणतात ती हीच असावी. त्यांना हर्ट्झशी देणंघेणं नाही. शब्द टाकला की लगेच हुंकार यायचा, हे त्यांना आठवतं. आणि वीज गेली तरी फोन चालायचा, कारण ४८ व्होल्टची बॅटरी एक्सचेंजमध्ये असायची. लोडशेडिंगच्या दिवसांत अंधारात वाजणारा तो फोन आपल्यापैकी अनेकांनी ऐकलाय. इंग्लंडमध्ये जुन्या लँडलाईन बंद करून सगळं इंटरनेटवर न्यायची मुदत २०२५ वरून जानेवारी २०२७ पर्यंत ढकलली गेली. त्यामागे एक मोठं कारण म्हणजे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची, मदतीला बोलवायची बटणं या जुन्या तारांवर चालत होती.

थोडक्यात काय, लँडलाईन आवाज कमी द्यायची आणि हमी जास्त. इंटरनेट आवाज भरपूर देतं, हमी देत नाही. सौदा स्वस्त पडला, आणि मी काही डायलचा फोन परत आणा म्हणणार नाही. पण सोमवारच्या कॉलवर कुणी उत्तराला वेळ लावला, तर आधी लेटन्सीचा आकडा बघा आणि मग त्या माणसाबद्दल मत बनवा.

असो. रात्रीचा एक वाजलाय, आणि आता आईला "राउटरजवळ जा" सांगताना थोडी लाज वाटणार आहे. :-)