दाखल्यावरचा ‘वर्तणूक’ हा रकाना आणि १९३८ चा मराठवाडा

१/
शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ नावाचा एक छोटा रकाना असतो. बहुतेकांच्या दाखल्यावर तिथे ‘चांगली’ एवढाच शब्द असतो आणि तो कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. १९३८ च्या हिवाळ्यात हैदराबाद संस्थानातील शेकडो विद्यार्थ्यांची वर्तणूक एकाएकी वाईट ठरली. अपराध एवढाच, की वसतिगृहातील प्रार्थनेत त्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटले. त्या प्रकरणाविषयी हा थ्रेड.

२/
आधी भूगोल. त्या काळचा परभणी जिल्हा आजच्याहून बराच मोठा होता. आजचा हिंगोली जिल्हा आणि आज जालन्यात असलेले परतूर त्यातच मोडत. निजामाच्या राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांपैकी हा एक. घरात मराठी, कचेरीत उर्दू. प्राथमिक वर्ग ओलांडून मुलगा ‘फौकानिया’त, म्हणजे सरकारी हायस्कुलात गेला की शिक्षणाचे माध्यमही उर्दू होई.

३/
१९१८ साली सुरू झालेले उस्मानिया हे संस्थानाचे स्वतःचे एकमेव विद्यापीठ. उच्च शिक्षण भारतीय भाषेतून देण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्याचे श्रेय नाकारता येत नाही. मात्र ती भाषा मराठी, तेलुगू किंवा कन्नड मुलाची स्वतःची नव्हती. अख्ख्या मराठवाड्यासाठी १९२३ चे औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेज, एवढीच उच्च शिक्षणाची सोय होती.

४/
परभणीच्या मुलाला शिकायचे तर मनमाड–काचीगुडा मीटरगेज गाडीत बसावे लागे. एका दिशेला औरंगाबाद, दुसऱ्या दिशेला हैदराबाद. तिसरी वाट संस्थानाच्या हद्दीबाहेर जाई आणि ती खर्चिक होती. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढच्या शिक्षेचे वजन तिच्यावरून कळते.

५/
आता काळ. सभा-संमेलनांवर ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या कुप्रसिद्ध हुकमाचा पहारा होता. तरीही १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष होते परभणीचे गोविंदराव नानल. सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. २४ ऑक्टोबरला नानल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदी मोडून सत्याग्रह केला.

६/
या तापलेल्या हवेत नोव्हेंबर उजाडला. औरंगाबादच्या कॉलेजात आणि मग उस्मानियाच्या वसतिगृहांत हिंदू विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणत. अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. संप झाला आणि त्याचे लोण संस्थानातील इतर शिक्षणसंस्थांत पोहोचले.

७/
प्रशासनाची बाजूही नीट मांडली पाहिजे. वसतिगृहात अनेक धर्मांची मुले राहत होती. या गीताच्या उत्तरार्धावर मुस्लिम समाजातून आक्षेप होता आणि स्वतः काँग्रेसनेही ऑक्टोबर १९३७ मध्ये पहिली दोनच कडवी म्हणावीत असे ठरवले होते. सामायिक छताखाली काय म्हणावे, याचा नियम करण्याचा अधिकार व्यवस्थापकाला असतोच.

८/
प्रश्न नियमाचा कमी आणि शिक्षेच्या मापाचा अधिक होता. वसतिगृहातील नियम मोडल्याबद्दल वसतिगृहातून काढणे समजण्यासारखे आहे. इथे वसतिगृहाबरोबर वर्गही गेला. बंदी मान्य करा आणि परत या, नाहीतर नाव कमी झाले. शेकडोंनी दुसरा पर्याय पत्करला.

९/
ज्या राज्यात विद्यापीठ एकच, तिथे ‘रस्टिकेट’ होणे म्हणजे शिक्षण संपणे. शेताच्या उत्पन्नातून मुलाला औरंगाबादला धाडणाऱ्या बापाला एका सकाळी कळावे, की पोरगा घरी येतोय आणि आता राज्यात त्याला शिकण्याची जागा उरलेली नाही! हुकूम काढणाऱ्या कचेरीला मात्र हे सारे ‘शिस्त’ या एकाच शब्दात मावणारे वाटले.

१०/
या मुलांसाठी दार उघडले नागपूर विद्यापीठाने. कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना प्रवेश दिला. यात औदार्य होते, तशी अनुकूल परिस्थितीही होती. मध्य प्रांत व वऱ्हाडात तेव्हा काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. एका हद्दीत जे गैरवर्तन ठरले, त्यासाठी रेल्वेने एक दिवस दूर असलेल्या गावी सहानुभूती मिळाली. पण किंमत मोजावीच लागली: उर्दूतून शिकलेल्या मुलांना आता उत्तरे इंग्रजीतून लिहायची होती.

११/
नागपूरही पूर्वी असे उदार नव्हते. मे १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे सचिव हर्बर्ट रिस्ले यांच्या परिपत्रकाने विद्यार्थ्यांना राजकारणापासून दूर ठेवण्याचे फर्मान निघाले. न ऐकणाऱ्या संस्थांना अनुदान आणि मान्यता गमावण्याची भीती घातली गेली. पुढे नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमध्ये इन्स्पेक्टरांसमोर ‘वंदे मातरम्’चा घोष झाला आणि माफी न मागणाऱ्या केशव बळिराम हेडगेवार या मुलाला शाळा सोडावी लागली. शहर तेच, घोष तोच. तीस वर्षांत राज्यकर्ते बदलले होते.

१२/
शिस्तीचा बडगा केवळ परकीय सत्तेनेच उगारला, असेही नाही. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी केल्याबद्दल फर्ग्युसन कॉलेजने वि. दा. सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. प्राचार्य होते रँग्लर र. पु. परांजपे. या शिक्षेवर तेव्हा टीका झाली, पण एक फरक ठळक आहे: सावरकरांची पदवी अडली नाही. दंड झाला, खोली गेली, परीक्षा राहिली. उस्मानियाने हाच फरक पुसून टाकला.

१३/
काढून टाकलेल्यांपैकी एक होते पी. व्ही. नरसिंह राव. वरंगळहून निघाले, नागपूरला आले, पुढे पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले. या सक्तीच्या भटकंतीत त्यांचे मराठीशी नाते जडले. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला. १९९१ मध्ये ते पंतप्रधान झाले. पण एका नरसिंह रावांवरून शिक्षेला सुपरिणामाचे प्रमाणपत्र देऊ नये. नागपूरपर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही.

१४/
स्वतंत्र भारताने याचे उत्तर बऱ्याच उशिरा दिले. शिक्षण हक्क कायदा, २००९ : कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने नापास करण्याची मुभा परत आली, काढून टाकण्याची नाही. आठवीनंतर मात्र हे संरक्षण संपते आणि प्रश्न पुन्हा संस्थेच्या विवेकावर येतो.

१५/
शाळेला नियम हवेतच. वेळेवर येणे, दुसऱ्याला त्रास न देणे, सामायिक जागेचा मान राखणे, यांवाचून वर्ग चालत नाही. १९३८ चा धडा शिक्षा ठरवणाऱ्यांसाठी आहे: हुकमावर सही करण्यापूर्वी या मुलाला दुसरे दार कुठे आहे, हे विचारावे. ज्या गावात आजही एकच हायस्कूल आहे, तिथे हा प्रश्न जुना झालेला नाही.

१६/
शेवटी एक विनंती. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, हिंगोली, परतूर या भागांत कोणाच्या आजोबा-पणजोबांचा त्या काळचा उर्दू दाखला, वसतिगृहाची पावती किंवा नागपूरहून घरी लिहिलेले पत्र ट्रंकेत पडून असेल, तर टाकू नका. वाचता येत नसले तरी जपून ठेवा. शिक्षा करणाऱ्यांचे कागद सरकारी दप्तरात सापडतात. शिक्षा भोगणाऱ्यांचे आपल्या माळ्यावरच असतात.

(थ्रेड समाप्त)