भाग : मानमोडीचा लेख आणि सिमेंटची गोणी

आजचा भाग जुन्नरपासून सुरू होतो आणि सिमेंटच्या गोणीपाशी संपतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण थोडं थांबा.

जुन्नर गावाच्या दक्षिणेला मानमोडीचा डोंगर आहे. तिथल्या भीमाशंकर गटातल्या लेण्यांत पाण्याच्या टाक्याजवळ एक ब्राह्मी लेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम, याने पोढी म्हणजे पाण्याचं टाकं आणि मंडप दान दिला, वर्ष ४६, असा त्याचा मजकूर. जुन्नरच्याच लेण्यांत इरिल नावाच्या यवनाचा लेख आहे. त्यात टाकी किती, तर दोन, हेही कोरलंय. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला, तेही लिहिलंय.

कोणी दिलं, काय दिलं, किती दिलं आणि अयमच्या लेखात तर कधी दिलं. तेही संस्कृतात नाही, प्राकृतात, म्हणजे लोकांच्या बोलीजवळच्या भाषेत. आता हे लेख पुण्यासाठी होते, मालाच्या खात्रीसाठी नव्हते, हे मान्य. पण एक गोष्ट बघा. लेख आणि वस्तू एकाच खडकात आहेत. लेख खरवडून दुसऱ्या टाक्यावर चिकटवता येत नाही. म्हणून १९०० वर्षांनंतरही आपण तो वाचतो आणि शेजारचं टाकं पाहून पडताळतो.

गोणीचं तसं नसतं. हे मला घरातूनच कळलं.

१९८१ साली आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी अण्णांनी दोन खोल्यांवर स्लॅब टाकायचं ठरवलं. तेव्हा सिमेंट नियंत्रणात होतं, परमिटवर मिळायचं. त्याच सिमेंटच्या वाटपावरून जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला, इतकी ती वस्तू मोलाची. परमिटवर मिळालेल्या गोण्या पुरल्या नाहीत, उरलेल्या अण्णांनी काळ्या बाजारात घेतल्या. पहिल्याच पावसाळ्यात स्लॅब गळायला लागला. तिसऱ्या वर्षी आषाढात रात्री त्याचा एक तुकडा खाली आला, तो आजीच्या अंथरुणावर. आजी त्या रात्री उकडतं म्हणून पडवीत झोपली होती, एवढंच आमचं नशीब.

मेस्त्रींनी ढेकूळ हातात चुरलं आणि म्हणाले, "अण्णा, गोणी कंपनीचीच होती. माल कंपनीचा नव्हता."

मंडळी, नियम नव्हते असं नाही. भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. सिमेंटचं मानक, आयएस २६९, १९५१ चं. आयएसआय चिन्हाचा कायदा १९५२ चा. कागद होता, पण आमच्या अण्णांना तो कसा वाचायचा हे कोणी सांगितलंच नाही. सिमेंटवरचं नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. २००३ च्या आदेशाप्रमाणे तर मानक चिन्हाशिवाय सिमेंट बनवणं, विकायला साठवणं आणि विकणं यावर बंदी आहे.

हा प्रश्न गरीब देशांचाच आहे, असंही समजू नका. १४ जून २०१७ ला लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ७२ माणसं गेली. चौकशी आयोगाने २०२४ च्या अहवालात ठपका ठेवला की बाहेरच्या आवरणाचं साहित्य बनवणाऱ्यांनी चाचण्यांबद्दल दिशाभूल केली होती. त्या आगीनंतर तिथल्या बांधकाम उत्पादकांच्या संघटनेने २०२१ मध्ये आचारसंहिता आणली. मालाची माहिती स्पष्ट, अचूक, अद्ययावत, सहज मिळणारी आणि दोन अर्थ न निघणारी हवी. पाचच अटी. अयमचा लेख त्यांतल्या बऱ्याच पाळतो, नाही का?

मग आज काय करायचं? गोणीवर सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघा. भरल्याचा आठवडा किंवा महिना आणि वर्ष वाचा. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नका. आपल्याकडे पश्चिमेच्या पट्ट्यात पावसाळी हवेत त्याचे गोळे लवकर होतात. गोणीची शिलाई पुन्हा घातलेली दिसली तर माल उतरवूनच घेऊ नका. आणि बिल मागा. ज्याला बिल द्यायचं नाही, त्याला आपलं नाव मालाशेजारी नको असतं.

अण्णांनी त्यातली एक रिकामी गोणी शेवटपर्यंत माळ्यावर जपून ठेवली होती. का, असं विचारलं तर म्हणायचे, "नाव खरं आहे रे तिच्यावर."

पुढच्या भागात नाणेघाटाला जाऊ. तोवर तुमच्या घराच्या गोणीची गोष्ट असेल तर जरूर कळवा.