खिडकी द्यायची की किल्ली?

तुमच्या लॅपटॉपवर आत्ता कोणकोणते प्रोग्रॅम चालू आहेत, याची यादी तुम्ही कधी ना कधी उघडली असेलच. यादी क्षणात येते. पण ती देतं कोण? ही माहिती असते कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे. मेमरी, डिस्क, प्रोसेसरचा वेळ, सगळ्याचा हिशोब त्याच्याजवळ. आणि साध्या प्रोग्रॅमला कर्नलच्या मेमरीत डोकावायची मुभा नसते; प्रोसेसरच त्याला अडवतो.

यावर रीतसर मार्ग म्हणजे सिस्टिम कॉल. रेल्वे स्टेशनवरची तिकीट खिडकी डोळ्यांसमोर आणा. तुम्ही बाहेरून फॉर्म सरकवता, आतला माणूस तो तपासतो आणि तिकीट बाहेर देतो. तुम्ही आत जात नाही. इथेही तसंच. प्रोग्रॅम आपल्या कामाचा क्रमांक आणि तपशील ठरलेल्या जागी ठेवतो आणि प्रोसेसरला एक खास सूचना देतो. मग सूत्रं कर्नलकडे जातात. माहिती या पत्त्यावर ठेव, असं प्रोग्रॅमने सांगितलं, तर तो पत्ता खरंच त्याच्या हद्दीतला आहे का, हेही कर्नल बघतो. विश्वास कुणावरच नाही.

आता गोष्ट न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जची. १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तिथे युनिक्सचं काम सुरू केलं. त्यांनी खिडक्या मोजक्याच ठेवल्या: फाइल उघडा, वाचा, लिहा, बंद करा. टर्मिनल असो की टेप, सगळं फाइलसारखंच वापरायचं. पण टर्मिनलचा वेग बदलणं हे काही वाचणं-लिहिणं नव्हे. अशा कामांसाठी १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘आयओसीटीएल’ नावाचा कॉल आला. कुठेच न बसणारं काम तिथे टाका! हळूहळू त्याची अडगळीची खोली झाली. प्रत्येक उपकरणाचे आकडे वेगळे, अर्थही वेगळे.

चालू प्रोग्रॅमची यादी देणाऱ्या ‘पीएस’ या कमांडची अवस्था तर आणखी बिकट होती. तिच्यासाठी खिडकीच नव्हती. ती मशीनची मेमरीच फाइलसारखी उघडायची आणि कर्नलचे तक्ते कुठे असतील ते शोधून वाचायची. कर्नलमधल्या तक्त्याची रचना बदलली, की ‘पीएस’ही नव्याने बांधा. वाचता वाचता मेमरी बदलायची, त्यामुळे चित्र अंदाजेच मिळायचं. मुख्य धोका वेगळाच होता. या कामासाठी ‘पीएस’ला विशेष अधिकार द्यावे लागत. हवी होती एक यादी, हातात दिली अख्ख्या घराची किल्ली. त्याच मेमरीत दुसऱ्या कुणी नुकताच टाइप केलेला पासवर्डही असू शकतो.

१९८४ मध्ये बेल लॅब्जच्याच टॉम किलियन यांनी ‘प्रोसेसेस ॲज फाइल्स’ हा निबंध मांडला. चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरमध्ये फाइल म्हणून दिसावा, ही कल्पना. डिस्कवर अशी फाइल नसतेच. तुम्ही वाचायला गेलात की कर्नल उत्तर देतो. कोण काय वाचू शकतं, हे नेहमीच्या फाइलच्या परवानग्यांवरून ठरतं. किलियन यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः डीबगर होते. पुढे ‘प्लॅन ९’ने प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचं फोल्डर दिलं आणि त्यात साध्या मजकुराच्या फाइल ठेवल्या. १९९२ मध्ये ‘प्रॉक’ लिनक्समध्ये आलं, आणि लिनक्सवरची ‘पीएस’ आजही तिथूनच वाचते.

म्हणजे प्रश्न सुटला? पूर्ण नाही. खिडकी उघडली की बाहेर रांग लागते, आणि मग ती बंद करता येत नाही. प्रोसेसरच्या माहितीत लिनक्स ‘बोगोमिप्स’ नावाचा एक आकडा दाखवतो. नावातच ‘बोगस’ आहे. वेग मोजायला तो निरुपयोगी. २०१३ मध्ये एआरएम प्रोसेसरसाठी तो काढून टाकला. पण काही प्रोग्रॅम तो आकडा वाचत होते, ते अडले. २०१५ मध्ये आकडा परत आणावा लागला. २०११ मध्ये आवृत्ती ३.० आली, तेव्हाही हेच. काही प्रोग्रॅमनी गृहीतच धरलं होतं, की क्रमांक २.६ नेच सुरू होणार. त्यांच्यासाठी कर्नलमध्ये जुन्या पद्धतीचा क्रमांक सांगायची सोय केली गेली.

तुमच्यापैकी बरेच जण कोड लिहिता, एपीआय बनवता. या इतिहासातून एक सवय उचलण्यासारखी आहे. कुणी माहिती मागितली, की आधी विचारा: याला नेमकं काय हवंय, आणि तेवढंच देता येईल का? सगळा डेटाबेस उघडून देणं त्या दिवशी सोपं वाटतं. आणि जे द्याल ते वर्षानुवर्षं सांभाळावं लागेल, असं समजूनच द्या.

जवळ लिनक्स असेल तर टर्मिनल उघडा, ‘प्रॉक’मधल्या ‘सेल्फ’ फोल्डरातली ‘स्टेटस’ ही फाइल वाचा. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला तिथे स्वतःचंच नाव सापडतं. फाइलचा आकार मात्र बघाल तर शून्य.