अनुक्रमी द्वार
माहितीचे बिट एकाच तारेवरून एकामागून एक पाठविण्यासाठी यंत्राला ठेवलेली जोडणीची जागा. व्यवहारात तिला सीरियल पोर्ट म्हणतात. द्वाराच्या दोन्ही टोकांस वेग, अक्षरातील बिटसंख्या, तपासणी बिट (पॅरिटी), विराम बिट व प्रवाह-नियंत्रण यांची मूल्ये सारखीच योजावी लागतात. कारण ती कोणती आहेत, हे तारेवरून येणारा संदेश स्वतः सांगत नाही. पिंपरी-चिंचवड व चाकण येथील यंत्रशाळांत ही मूल्ये नित्याची असली, तरी त्यांचा उगम तारायंत्राच्या इतिहासात आहे.

एमील बोदो (१८४५–१९०३) या फ्रेंच अभियंत्यांनी १८७४ मध्ये पाच घटकांच्या संकेतावर आधारलेल्या तारायंत्राचे एकस्व घेतले. संदेशवेगाचे ‘बॉड’ हे एकक त्यांच्याच नावावरून आले. पुढे दूरमुद्रकात (टेलिप्रिंटरमध्ये) प्रत्येक अक्षराआधी एक आरंभ बिट व अक्षरानंतर विराम बिट पाठविण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे दोन्ही यंत्रे प्रत्येक अक्षरागणिक नव्याने जुळत. ११० बॉड वेगाच्या दूरमुद्रकात एका अक्षरास ११ बिट लागत व सेकंदास १० अक्षरे जात. त्यांतील दोन विराम बिट यांत्रिक भागांना स्थिरावण्यास अवधी देण्यासाठी होते. विद्युत् दाब व जोडणी यांविषयीचे आरएस-२३२ हे अमेरिकी मानक १९६० मध्ये निघाले. त्याची ‘सी’ ही सुधारित आवृत्ती १९६९ मध्ये आली.

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही संस्था स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर या परिसरात औद्योगिक वसाहती वाढल्या. वाहनांच्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान यंत्रशाळा भोसरी, चिंचवड, आकुर्डी या भागांत उभ्या राहिल्या. पुढे चाकणलाही वाहनउद्योग पोहोचला. तेथील फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन २००९ मध्ये झाले.

या यंत्रशाळांत संगणक-नियंत्रित (सीएनसी) यंत्रांचा प्रसार झाला, तेव्हा तारायंत्राचा वारसाही त्यांच्याबरोबर आला. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९५२ मध्ये दाखविलेले अंकनियंत्रित यंत्र छिद्रित फितीवर चाले. पुढे प्रमाण ठरलेल्या फितीवर सात छिद्रस्थाने अक्षरासाठी व आठवे, छिद्रांची संख्या सम राखणारे, तपासणीसाठी असे. फीत गेली, तरी अनेक सीएनसी नियंत्रकांवर सात बिट, सम तपासणी व दोन विराम बिट ही योजना टिकून राहिली.

ही मूल्ये चुकली, तर परिणाम थेट कामावर होतो. वेग जुळला नाही, तर अक्षरे निरर्थक वाचली जातात व नियंत्रक सामान्यतः दोष दाखवून थांबतो. तपासणी बिट दोन्हीकडे बंद असेल, तर धोका अधिक सूक्ष्म असतो. ‘१’ व ‘३’ या अंकांच्या प्रचलित संकेतांत एकाच बिटाचा फरक आहे. विद्युत् गोंगाटाने तो बिट उलटल्यास १० मिमी. ऐवजी ३० मिमी. असे वाचले जाऊन हत्यार जॉबवर आदळू शकते. सम तपासणी असल्यास ही चूक पकडली जाते. मात्र दोन बिट एकदम उलटले, तर तीही निरुपयोगी ठरते. लांबलचक प्रोग्रॅम थोडाथोडा पाठविताना प्रवाह-नियंत्रण नसेल, तर यंत्राची स्मृती भरून काही अक्षरे गळतात.

कारखान्यांतील संगणकजाळ्यांसाठी पुढे कन्सोल-व्यवस्थापक उपकरणे आली. अशा एका पेटीवर अनेक अनुक्रमी द्वारे असतात व जाळ्यातून दूर बसून त्या प्रत्येकाशी संपर्क साधता येतो. मुख्य जाळे बंद पडल्यावरही बिघडलेल्या उपकरणापर्यंत पोहोचता यावे, म्हणून या पेटीला पुष्कळदा स्वतंत्र मार्गाने जोडतात. जाळ्याच्या उपकरणांसाठी ९,६०० बॉड, आठ बिट, तपासणी नाही व एक विराम बिट ही योजना सर्वसाधारण असते. जुन्या यंत्रासाठी मात्र त्याच पेटीवरील द्वार निराळे योजावे लागते. म्हणून प्रत्येक द्वाराची मूल्ये लिहून यंत्राजवळ ठेवणे हिताचे असते.

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिच्या काळात रूढ झालेले आरंभ व विराम बिट मात्र यंत्रशाळांत अद्याप प्रचारात आहेत.