भोपाळचा ळ

आपण मराठीत ‘भोपाळ’ लिहितो, पण इथल्या पाट्यांवर ‘भोपाल’ असते. हिंदीच्या रोजच्या लिखाणात ळ नाही. म्हणून शाळेच्या रजिस्टरात काळ्यांची मुलगी ‘काले’ होते. आईने हरकत घेतली की उत्तर ठरलेले, काय फरक पडतो बहनजी?

फरक पडतो का, हे बघायला मैत्रिणींनो, 1956 साली जाऊ या. त्या वर्षी मार्चमध्ये पाकिस्तानची पहिली राज्यघटना अमलात आली आणि उर्दूच्या जोडीला बंगालीला राजभाषेचा मान मिळाला. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला नवे मध्य प्रदेश झाले आणि भोपाळ त्याची राजधानी ठरली. त्याआधीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, आणि तिथे हिंदी व मराठी दोन्ही राज्यकारभाराच्या भाषा होत्या. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. नागपूरच्या सचिवालयातली मराठी कुटुंबे फायलींबरोबर इकडे आली. इंदूर-ग्वाल्हेरची होळकर-शिंद्यांच्या काळातली घरे, बऱ्हाणपूरची घरे, सगळी या नव्या राज्यात. पण कारभार हिंदीचा. तिकडे मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसे गोळ्या झेलत होती, इकडे मराठी मुकाट्याने उंबऱ्याच्या आत गेली.

बंगालीचे तसे झाले नाही. फेब्रुवारी 1948 मध्ये कराचीच्या संविधान सभेत धीरेंद्रनाथ दत्तांनी सरळ हिशेब मांडला होता: देशाची लोकसंख्या सहा कोटी नव्वद लाख, त्यात बंगाली बोलणारे चार कोटी चाळीस लाख, मग सभेत बंगाली का नको? सूचना फेटाळली गेली. महिन्याभरात जिनांनी ढाक्याला येऊन सांगितले, राजभाषा उर्दूच. 21 फेब्रुवारी 1952 ला ढाक्यात जमावबंदी मोडून निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. त्या मोर्च्यात मुलीही होत्या.

नारायणगंजच्या मॉर्गन शाळेच्या मुख्याध्यापिका मुमताज बेगम याच आंदोलनात पकडल्या गेल्या. माफीचा कागद लिहून दे, सुटशील, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी लिहिला नाही. नवऱ्याने तलाक दिला, नोकरी गेली. हुतात्म्यांची नावे आपण पाठ करतो, पण घर मोडून घेणाऱ्या बाईचे नाव सहसा कुणाला ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

यात उर्दूचा दोष नाही हो. आपल्या भोपाळात सिकंदर बेगमने दरबारातली फारसी काढून उर्दू आणली ती लोकांना कळावी म्हणूनच. दोष लादण्याचा आहे, आणि लादणे आपल्या देशातही झाले. आसामात 1960 च्या कायद्याने असमिया ही राज्यभाषा झाली. 19 मे 1961 ला सिलचर स्टेशनवर बंगालीसाठी बसलेल्यांवर गोळ्या चालल्या. अकरा जण गेले. त्यात सोळा वर्षांची कमला भट्टाचार्य होती, नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिलेली. त्यानंतर बराक खोऱ्यात बंगालीला कारभारात जागा मिळाली.

मध्य प्रदेशातल्या मराठी माणसाला हक्क नव्हता असे नाही. 1956 च्याच घटनादुरुस्तीने 350-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. पण मागणार कोण? लिपी एकच, मुले हिंदी फडाफडा वाचतात, त्यामुळे काही हरवले हे आईबापांच्या लक्षातच येत नाही. बंगाल्याची अक्षरेच वेगळी, त्याला तोटा पहिल्या दिवशी दिसला.

3 ऑक्टोबर 2024 ला केंद्र सरकारने मराठी, बंगाली, असमिया, पाली आणि प्राकृत यांना एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला. आपल्याला आनंद दुहेरी, कारण णमोकार मंत्र प्राकृतातला. रोज पहाटे म्हणतो आपण तो. पण प्राकृतात पोराला रागावणारी आई आज एकही नाही. मान मिळाला म्हणून बोली घरात राहतेच, असे नाही.

दत्तांनी सभेत आकडे मांडले ते जनगणनेमुळे. आपल्याकडेही जनगणनेचा माणूस दारात येतो तेव्हा मातृभाषा विचारतो. दार बहुतेक वेळा बाईच उघडते. नाव सांगून झाले की तो पुढचा रकाना स्वतःच ‘हिंदी’ लिहून मोकळा होऊ नये, एवढ्यासाठी त्याच्या हातातल्या नोंदीकडे वाकून बघा. आणि नावातला ळ गेला असेल, तर तोही लिहून घ्यायला लावा.