उलटी फिरणारी चकती : छपरावरची वीज आणि बदलत्या नियमांचा इतिहास

१/ १९७६ सालच्या अखेरीची गोष्ट. न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या पूर्व अकराव्या रस्त्यावर ५१९ क्रमांकाची एक जुनी, चाळवजा इमारत होती. आगींनी होरपळलेली आणि ओस पडलेली ही वास्तू रहिवाशांनी स्वतःच्या श्रमांतून पुन्हा उभी केली. छपरावर पाणी तापवणारे सौर संच बसवले आणि त्यांच्या जोडीला एक छोटी पवनचक्की उभारली. तिची क्षमता अवघी २ किलोवॉट. ती त्यांनी शहराला वीज पुरवणाऱ्या कॉन एडिसन कंपनीच्या जाळ्याला जोडली. वारा सुटला की इमारतीला वीज मिळे आणि उरलेली वीज कंपनीच्या तारांत जाई.

२/ कंपनीने हरकत घेतली. ग्राहकाने वीज घ्यावी आणि बिल भरावे, हा तिचा शिरस्ता. ग्राहकाने उलट वीज पाठवावी, ही कल्पनाच तिला मानवणारी नव्हती. अमेरिकेचे माजी अ‍ॅटर्नी जनरल रॅम्से क्लार्क रहिवाशांच्या बाजूने उभे राहिले आणि वाद राज्याच्या लोकसेवा आयोगापुढे गेला. आयोगाने रहिवाशांचा जोडणीचा हक्क मान्य केला. दोन किलोवॉटच्या चक्कीने एका अवाढव्य कंपनीला नमवले, अशी ही कथा सांगितली जाते. पण खरा प्रश्न त्या निकालानंतर सुरू झाला.

३/ तो प्रश्न असा : घराने जाळ्यात सोडलेल्या एका युनिटची किंमत किती, आणि ती ठरवणार कोण? आज आपल्याकडे छतावर सौर पॅनेल बसवणारे कुटुंब मीटरची वाट पाहते, अर्जांच्या चकरा मारते, बिलातील वजावट समजून घेण्यासाठी डोके खाजवते. त्या वैतागाची मुळे जवळजवळ अर्धशतक मागे जातात. या धाग्यात ती शोधू.

४/ सुरुवात मीटरपासून करू. १८८९ मध्ये हंगेरीतील गान्झ कंपनीचे अभियंते ओटो ब्लाथी यांनी प्रत्यावर्ती प्रवाहासाठी वीजमीटर तयार केला. जुन्या घरांत काचेआड फिरणारी धातूची चकती आठवते ना, ती याच घराण्यातली. विजेच्या वापराने चुंबकीय बल निर्माण होते आणि चकती फिरते. वापर जितका जास्त, तितकी गती जास्त. या यंत्राचा एक गुण कोणी हेतूने घडवलेला नव्हता. वीज उलट दिशेने वाहू लागली की चकतीही उलटी फिरे आणि आकडे मागे जात. घरमालकाचा पुढचा सारा युक्तिवाद या यांत्रिक योगायोगावर उभा राहिला.

५/ आता कंपनीकडे वळू. शिकागोचे वीजसम्राट सॅम्युअल इन्सल यांनी १८९८ मध्ये व्यवसायबंधूंपुढे एक अनपेक्षित सूचना मांडली : सरकारी नियमन आपणहून स्वीकारावे. एकाच गल्लीत चार कंपन्यांनी चार तारा ओढणे हा पैशाचा अपव्यय. म्हणून प्रत्येक प्रदेशात एकच कंपनी असावी आणि तिचे दर आयोगाने ठरवावेत. १९०७ मध्ये विस्कॉन्सिन आणि न्यूयॉर्क या राज्यांनी हा मार्ग धरला. कंपनीला मक्तेदारी व वाजवी नफा मिळाला, तर ग्राहकाला पुरवठ्याची हमी आणि दरांवर अंकुश. जगभरच्या वीज नियामक आयोगांमागे हाच करार आहे.

६/ या करारात एका पात्राला जागाच नव्हती : स्वतः वीज तयार करणारा ग्राहक. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर घट जगापुढे मांडला, तेव्हा तो सूर्यप्रकाशाचा सुमारे ६ टक्के भागच विजेत रूपांतरित करी, आणि किंमत अशी की तो घरांऐवजी उपग्रहांवर गेला. १९७३ च्या तेलसंकटाने चित्र पालटले. इंधन महागले, विजेची बिले फुगली आणि पर्यायांचा शोध हा सरकारी धोरणाचा विषय झाला.

७/ नोव्हेंबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ‘पर्पा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यानुसार पात्र ठरणाऱ्या लहान उत्पादकांची वीज विकत घेणे कंपन्यांना बंधनकारक झाले. दर कोणता? ती वीज घेतल्यामुळे कंपनीचा जो खर्च वाचला, तो. म्हणजे ‘टळलेला खर्च’. समजा, कंपनीला स्वतःच्या केंद्रात एक युनिट तयार करायला ३ रुपये लागतात आणि ती ते ग्राहकाला ८ रुपयांना विकते. लहान उत्पादकाला मिळणार ३ च्या आसपास. या दोन आकड्यांमधील दरी लक्षात ठेवा; पुढची सगळी भांडणे त्या दरीत झाली.

८/ पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्यातील एक निवासी संकुल आणि एक प्रायोगिक सौरघर जाळ्याला जोडले गेले. वेगळा हिशेब नाही, वेगळा दर नाही. चकती पुढे गेली तितकी मागेही फिरली. नेट मीटरिंगचे पहिले प्रयोग म्हणून यांचा उल्लेख होतो. १९८३ मध्ये मिनेसोटा राज्याने या पद्धतीला कायद्याचा आधार दिला. असा तो पहिला कायदा मानला जातो. ४० किलोवॉटपेक्षा लहान उत्पादकांना त्याचा लाभ होता.

९/ नेट मीटरिंगचे गणित साधे आहे. महिन्यात जाळ्यातून ३०० युनिट घेतले, २५० परत पाठवले, तर बिल ५० युनिटचे. याचा अर्थ पाठवलेल्या प्रत्येक युनिटला ग्राहकाच्याच दराची किंमत मिळाली, टळलेल्या खर्चाची नव्हे. घरमालकाला हे न्याय्य वाटते : माझे युनिट शेजाऱ्याच्या घरात जाते आणि कंपनी त्याच्याकडून पूर्ण दर घेतेच की! दुपारच्या उन्हात तयार झालेली वीज दूरच्या केंद्रातून आणावी लागत नाही, हाही त्याचा मुद्दा.

१०/ कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. दरात केवळ वीज नसते. खांब, तारा, रोहित्रे, दुरुस्ती, कर्मचारी यांचा खर्चही असतो. सौरघराला रात्री आणि पावसाळ्यात तेच जाळे लागते, पण बिल शून्याकडे जाते. मग तो भार उरलेल्यांवर पडतो, ज्यांत भाड्याने राहणारे आणि पॅनेल न परवडणारेही आले. अमेरिकी वीज कंपन्यांच्या एडिसन इलेक्ट्रिक इन्स्टिट्यूट या संघटनेने जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही भीती उघडपणे मांडली. घरगुती दूरध्वनीचे मोबाइलपुढे जे झाले, ते आपलेही होऊ शकते, असा त्याचा सूर होता.

११/ दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच वेगवेगळ्या देशांनी निवडलेले मार्ग पाहणे उद्बोधक ठरते. जर्मनीने १९९० च्या कायद्याने सौर आणि पवन विजेला किरकोळ दराच्या ९० टक्के किंमत दिली. २००० च्या कायद्याने सौर विजेचा दर युनिटला ९९ फेनिग ठरवला आणि तो प्रत्येक संचासाठी २० वर्षे कायम ठेवला. नव्या संचांचा दर पुढे उतरत गेला, पण आधी बसवलेल्यांना दिलेला शब्द पाळला गेला. याची किंमत जर्मन जनतेने बिलावरील अधिभारातून मोजली, आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. तरी घरमालकाला आपला हिशेब आधीच ठाऊक होता.

१२/ स्पेनने उलट केले. २००७ च्या उदार दरांमुळे सौर प्रकल्पांची लाट आली. कर्ज काढून त्यात बचत गुंतवणारी सामान्य कुटुंबेही होती. आर्थिक मंदीने सरकारचे कंबरडे मोडले, तशी २०१० पासून कपात सुरू झाली आणि २०१३ मध्ये जुन्या प्रकल्पांचीही दरव्यवस्था मोडीत निघाली. २०१५ मध्ये स्वतःसाठी वीज तयार करणाऱ्यांवर आकार लावणारा हुकूम आला. लोकांनी त्याला ‘सूर्यकर’ म्हटले. सर्वांत लहान संचांना काही सूट होती, पण त्यांनी जाळ्यात सोडलेल्या विजेचा मोबदला मात्र नव्हता. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये हा आकार रद्द झाला.

१३/ सर्वांत बोलका प्रसंग नेवाडा या वाळवंटी राज्यातला. डिसेंबर २०१५ मध्ये तेथील आयोगाने सौर ग्राहकांसाठी नवी दररचना मंजूर केली. दक्षिण नेवाडात मासिक स्थिर आकार १२.७५ डॉलरवरून टप्प्याटप्प्याने ३८.५१ डॉलरवर जाणार होता. पाठवलेल्या युनिटची किंमत सुमारे ११ सेंटवरून २.६ सेंटवर उतरणार होती. आणि हे नव्या ग्राहकांपुरते नव्हते. ज्यांनी जुन्या नियमांवर विसंबून आधीच पॅनेल बसवले होते, त्यांनाही ते लागू होते.

१४/ लोक रस्त्यावर उतरले. सौर संच बसवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी राज्यातून काढता पाय घेतला. एकट्या सोलरसिटीने ५५० नोकऱ्या कमी केल्या. अखेर सप्टेंबर २०१६ मध्ये जुन्या ग्राहकांना २० वर्षांसाठी जुनाच दर परत मिळाला. जून २०१७ मध्ये कायदाच बदलला : नव्या ग्राहकांना प्रारंभी किरकोळ दराच्या ९५ टक्के, आणि संचांची संख्या वाढेल तसा उतरत ७५ टक्क्यांपर्यंत. दर कमी होणारच होता. फरक इतकाच की आता तो कधी आणि कसा कमी होईल, हे पॅनेल घेण्याआधी वाचता येत होते.

१५/ कॅलिफोर्नियाने हा धडा गिरवला. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील आयोगाने पाठवलेल्या विजेची किंमत जवळपास तीन चतुर्थांशाने घटवली आणि एप्रिल २०२३ च्या मध्यानंतर अर्ज करणाऱ्यांना ती लागू केली. नव्या ग्राहकांत संताप उसळला, पण जुन्यांचा २० वर्षांचा हक्क त्या निर्णयाने हिरावला नाही.

१६/ आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने सप्टेंबर २०१५ मध्ये छतावरील सौर संचांसाठी नेट मीटरिंगचे नियम अधिसूचित केले. एका रोहित्रावर त्याच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंतच सौर संच जोडण्याची मर्यादा होती. अधिक हवे तर तांत्रिक तपासणी. वर्षअखेर शिल्लक राहिलेले युनिट वितरण कंपनीने विकत घ्यायचे, पण ग्राहकाच्या दराने नव्हे, त्याहून कमी दराने. म्हणजे १९७८ ची ती दरी इथेही आलीच. २०१९ च्या नियमावलीत नेट बिलिंगचा दुसरा मार्ग जोडला गेला.

१७/ नियम किती झपाट्याने पालटतात याचे उदाहरण केंद्राच्या स्तरावर आहे. ३१ डिसेंबर २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनी नेट मीटरिंग १० किलोवॉटपर्यंत सीमित केले. विरोध झाला, आणि अवघ्या सहा महिन्यांत, जून २०२१ मध्ये, ती मर्यादा ५०० किलोवॉट झाली. त्या सहा महिन्यांत निर्णय घ्यायला बसलेल्या गृहनिर्माण संस्थेची किंवा लघुउद्योजकाची मनःस्थिती सहज कल्पिता येते.

१८/ फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्य घर’ योजना आली : १ कोटी घरांचे लक्ष्य, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आणि ३ किलोवॉट वा अधिक क्षमतेच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान. त्याच महिन्यात नियमही सुधारले. १० किलोवॉटपर्यंतचा अर्ज आता तांत्रिक पडताळणीवाचून मंजूर मानला जातो. अर्जदाराची कागदावरची एक मोठी अडवणूक दूर झाली. प्रत्यक्षात मीटर वेळेवर बसतो का, हे मात्र प्रत्येक उपविभागाच्या कारभारावर अवलंबून आहे.

१९/ या साऱ्या प्रवासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. सौर पॅनेलचे आयुष्य २५ वर्षांचे धरले जाते; नियम मात्र एका अधिसूचनेने बदलतो. विजेचा दर काळानुसार कमी करावा लागेल, जाळ्याचा खर्च सर्वांनी उचलावा लागेल, हे कोणीही समंजस माणूस मान्य करील. जर्मनीत आणि कॅलिफोर्नियात दर उतरला, तरी आधी विश्वास टाकणाऱ्यांना त्याचा फटका बसला नाही. स्पेन आणि नेवाडात तो बसला, आणि दोन्ही ठिकाणी सरकारला मागे फिरावे लागले.

२०/ म्हणून इतिहासप्रेमी मित्रहो, विजेचा एखादा नवा नियम वाचायला मिळाला तर दराच्या आकड्याआधी त्याची लागू होण्याची तारीख आणि व्याप्ती पाहा. तो उद्या पॅनेल घेणाऱ्यांसाठी आहे, की काल घेतलेल्यांसाठीही? चकतीचे मीटर आता जवळजवळ गेले. त्यांच्या जागी येणारे आणि गेलेले युनिट वेगवेगळे मोजणारे डिजिटल मीटर आले. किती युनिट गेले याविषयी वाद उरलेला नाही. वाद उरला आहे तो त्यांच्या मोलाचा आणि दिलेल्या शब्दाचा, आणि तो आयोगाच्या जाहीर सुनावण्यांत अजूनही चालू आहे. त्या सुनावण्यांत सामान्य ग्राहकालाही हरकती नोंदवता येतात, हे विसरू नये.

धागा समाप्त.