काट्यावर उभं राहण्याची रीत

आमच्या मुरबाडच्या पूर्व भागात माणसाचं वजन करायची रीत नव्हती. जनावराचंही कुणी करत नसे. म्हशाच्या यात्रेत बैल विकला जाई तो दात, खांदा आणि चाल बघून. भातसुद्धा मापानेच मोजायचं: शेर, अधोली, पायली, आणि वीस मणांची खंडी. १९५८ च्या ऑक्टोबरपासून देशात टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजनं आली आणि धसईच्या पेठेत किलोची मापं दिसू लागली, तरी घराच्या कोनाड्यातली पायली काही हलली नाही. स्वतःचं वजन करणं ही चैन होती आणि ती कल्याण स्टेशनावर व्हायची. नाणं टाकलं की रंगीत दिवे फिरायचे आणि पुठ्ठ्याचं छोटं तिकीट बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. लोक भविष्य वाचायचे.

आकड्याकडे नीट बघायला लावलं ते सरकारने, आणि तेही मोठ्यांच्या नव्हे, पोरांच्या. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. आमच्याकडे अंगणवाडी आली ती त्यानंतर. धसईजवळच्या एका पाड्यावर मी सेविका झाले, तेव्हा मला एक घड्याळासारखा काटा मिळाला. तो आढ्याला टांगायचा, खालच्या हुकाला चड्डीसारखी झोळी अडकवायची, पोर त्यात बसवायचं आणि ते रडायचं थांबेपर्यंत सुईकडे बघत राहायचं. लाथा झाडणाऱ्या पोराचं वजन अर्धा किलो इकडेतिकडे होतं, हे कार्यालयात बसणाऱ्याला पटवणं कठीण. आयांची अडचण वेगळी होती. मोजलं की दृष्ट लागते. म्हणून आधी मीठमोहऱ्या, मग काटा, असा आमचा आपसातला समझोता होता. वरिष्ठांना तो ठाऊक नव्हता.

वजन झालं की ग्रोथ चार्टवर टिंब काढायचं आणि मागच्या महिन्याच्या टिंबाला जोडायचं. या तक्त्याची कल्पना डेव्हिड मॉर्ले या इंग्रज डॉक्टरची. १९५० च्या दशकात नायजेरियातल्या इमेसी गावात काम करताना त्याने तो तयार केला, आणि तो आईच्या हातात दिला. घरीच राहू द्या, दवाखान्यात येताना घेऊन या. त्याचं सांगणं एवढंच, की या महिन्याचा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. रेघ वर चाललीय, आडवी पडलीय की खाली येतेय ते बघा. हे मला प्रशिक्षणापेक्षा एका कातकरी बाईने जास्त नीट शिकवलं. अक्षरओळख नव्हती. पण दर महिन्याला ती तक्त्यावर बोट ठेवून विचारायची, ‘ताई, कागुद काय बोलतंय?’ रेघ आडवी दिसली की तिचं तीच सांगायची, की मधे ताप होता, किंवा मी लाकडाला जात होते, दुपारी भरवायला कुणी नव्हतं. मग आम्ही दोघी ठरवायचो, पुढच्या वजनापर्यंत दुपारची एक वाटी शेजारची म्हातारी भरवेल. किलोचं नाव काढायचं नाही. वाटीचं ठरवायचं. दिवाळीनंतर ती कुटुंबासह वीटभट्टीवर जायची आणि रेघ तिथेच तुटायची. पावसाच्या तोंडावर परत आली की नवं टिंब बहुतेक वेळा जुन्याच्या खाली असायचं.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची पोरं कुपोषणाने गेली. तेव्हा जव्हार आमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं. त्यानंतर आमच्या वह्यांना फार महत्त्व आलं. ते यायलाच हवं होतं, पण आलं ते वरून. एका बैठकीत एका साहेबांनी फळ्यावर लिहून दिलं, की पुढच्या तिमाहीत तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतली, म्हणजे तीव्र कुपोषित, मुलं इतकी इतकी कमी दिसली पाहिजेत. ‘कमी झाली पाहिजेत’ नव्हे, ‘दिसली पाहिजेत’. आणि दिसली! पेन्सिलीला काय, जिकडे ढकलाल तिकडे जाते. त्या तिमाहीत काही वह्यांमधली पोरं भट्टीवर असतानाही वाढत होती.

हा अनुभव गाठीशी असल्यामुळे फोनवरचं वजन आलं तेव्हा मी फार हुरळले नाही. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे नवे निकष आले, मग मुलांचा आणि मुलींचा तक्ता वेगळा झाला, हिरवा-पिवळा-केशरी पट्टा आला. २०१८ ला पोषण अभियान, २०२१ ला पोषण ट्रॅकर हे ॲप. त्याच वर्षी राज्यभरातल्या सेविकांनी जुनाट फोन आणि इंग्रजी ॲपला वैतागून सरकारचे फोन सरकारला परत केले, हे पेपरात आलं होतं. माझी तक्रार मात्र आणखी साधी आहे. आकडा भरला की रेघ फोनमध्ये काढली जाते आणि फोन सेविकेच्या पिशवीत जातो. आई बोट कशावर ठेवणार?

धसईला फोन नवा नाही, हे इथे सांगायला हवं. १ डिसेंबर २०१६ ला, नोटबंदीनंतर महिनाही झाला नव्हता, तेव्हा त्या वेळचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या हस्ते आमचं गाव राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदा आणि स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक यांचा तो उपक्रम. यंत्रं आली, कॅमेरे आले. यथावकाश नोटाही परत आल्या. पण काउंटरवर फोन ठेवायची सवय पेठेला लागली ती लागली, आणि त्याच फोनवर काही वर्षांत डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं भाषण पोचलं.

दोनदाच जेवण्याचा मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, ते २००४ मध्ये अपघातात गेले. दीक्षितांनी तो स्वतःवर करून पाहिला आणि मराठी मुलखात पसरवला. पुढे राज्य सरकारच्या लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे ते सदिच्छादूतही झाले. दोन वेळा जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका, पंचेचाळीस मिनिटं चाला. दोनदा जेवायचं की दर दोन तासांनी, यावर आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं नाव घेऊन घरोघर भांडणं झाली. त्या वादात मला रस नाही, आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय जेवण सोडू नये, एवढंच मी सांगते. मला रस होता तो सुरुवातीच्या अटीत: आधी वजन करा, पोटाचा घेर मोजा, साखरेचं एचबीए१सी आणि उपाशीपोटीचं इन्शुलिन तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा आणि व्हॉट्सॲपच्या गटावर कळवा. अंगणवाडीत आम्ही जे पोरांसाठी करत होतो, ते किराणा दुकानदार आपखुशीने स्वतःवर करू लागला. फरक एवढाच की रेघ खाली यायला हवी होती.

बाहेरच्या लोकांना हे विचित्र वाटतं, की पाड्यावर कुपोषण आणि पेठेत मधुमेह, एकाच गावात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं मोजली. ती सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून हलकी. पण हलकी होती ती हाडामांसाने, चरबी त्या मानाने राखलेली होती. काटा एकच आकडा सांगतो, आत काय आहे ते नाही. माझ्या झोळीत बसून रडलेली किती पोरं आज पेठेत गल्ल्यावर बसून पोट सांभाळतात, ते मला माहीत आहे. नावं घेत नाही, उधारी बंद होईल.

नोंदीचा उपयोग होतो, हे शास्त्रानेही तपासलंय. अमेरिकेच्या मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात लोकांना दोन लक्ष्यं दिली होती: सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम. खाण्याची नोंद ज्याची त्याने ठेवायची. २००२ च्या निकालात त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी निघालं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या पथकाने तर ५३७ पुरुषांच्या चाचणीत एका गटाला मोबाइल संदेश पाठवून पाहिले, आणि २०१३ मध्ये त्यातूनही फायदा दिसला. पण मला सगळ्यात आवडला तो २०१६ चा पिट्सबर्गचा अभ्यास. एका गटाला अंगावर बांधायचं आपोआप मोजणारं यंत्र दिलं, दुसऱ्याने स्वतः नोंदी भरायच्या. दोन वर्षांनी यंत्रवाले साडेतीन किलोंनी उतरले होते, हाताने भरणारे ५.९ किलोंनी. का, ते संशोधक सांगोत.

आमच्याकडे एक गिरणीवाली आहे. मुलाने तिच्या फोनवर पावलं मोजणारं ॲप टाकून दिलं, दिवसाला दहा हजारांचं. हा आकडा १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने आपल्या यंत्राच्या नावातच घालून ठेवला होता. त्या वेळी त्यामागे कुठला अभ्यास नव्हता. गिरणीवाली दर सोमवारी धान्याच्या मोठ्या काट्यावर उभी राहते आणि गिरणीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने किलो लिहिते. त्याच फळीवर गिऱ्हाइकांची उधारी आहे. आवणीच्या दिवसांत आकडा उतरतो, दिवाळीनंतर चढतो, पुन्हा उतरतो. दोन-तीन वर्षांचे आकडे पुसट झालेत, पण वाचता येतात.

गेल्या आवणीला ती पहाटेपासून चिखलात वाकून रोपं लावत होती. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधावरच्या सागाला टांगलेला. संध्याकाळी ॲपने तिला कळवलं, की आज तुम्ही फारच कमी हालचाल केलीत, उद्या थोडं चालून बघा. तो संदेश तिने मला दाखवला, मोठ्याने वाचून घेतला, आणि मुलाला हाक मारून म्हणाली, ‘ये, उद्या याला घेऊन तूच उतर चिखलात.’